पाचारणाची जाहिरात करताना

प्रिय बाय,

तुमच्या एजन्सीला एका धर्मप्रांताचं, म्हणजे एका बिशपांच्या विभागाचं, पाचारणाच्या (फादर होण्यासाठी देवाकडून येणाऱ्या हाकेच्या) प्रचाराचं काम मिळालं आणि ते तुझ्याकडे आलं, याचा मला आणि तुझ्या आईला फार आनंद झाला. "पप्पा, मुलांना काय सांगू?" असं तू विचारलंस. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

कॅनन लॉमधलं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं, १०२६ क्रमांकाचं कलम आधी वाच. कुणालाही, कसल्याही प्रकारे, कुठल्याही कारणासाठी गुरुदीक्षा, म्हणजे फादर होण्याची दीक्षा, घ्यायला भाग पाडायचं नाही. आणि जो लायक आहे, त्याला अडवायचंही नाही. पहिला भाग तुम्हा जाहिरातवाल्यांसाठी, दुसरा आम्हा आईबापांसाठी, असं मी समजतो.

२०१२ साली स्पेनच्या बिशपांनी सेमिनरी (जिथे फादर घडतात ते विद्यालय) दिनासाठी व्हिडिओ काढला होता. मोठ्या पगाराचं नाही, पण कायमच्या कामाचं वचन देतो, असं त्यात होतं. तेव्हा तिथे तरुणांमध्ये भयंकर बेकारी होती. व्हिडिओ गाजला, पण ते वाक्य मला अजून खटकतं. पोटासाठी आलेला मुलगा दुसरीकडे पोटाची सोय झाली की जाईल. नाही गेला तर आणखी वाईट. गरज हेरून घातलेली साद मला जबरदस्तीच्या फार जवळची वाटते.

म्हणून अवघड ते आधी सांग. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षांचा अभ्यास, वयाची पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय गुरुदीक्षा नाही, लग्न नाही, बिशप पाठवतील तिथे जायचं. हे ठळक अक्षरांत हवं. मग फादरांचा साधा बुधवार दाखव: आजाऱ्याच्या घरी कम्युनियन (पवित्र भाकर) नेणं, दुपारी दफन, संध्याकाळी बांधावरून भांडणारे दोन भाऊ. आणि मराठीत दाखव. आपल्या दिब्रिटो फादरांनी 'सुवार्ता' मासिक चालवलं, हरित वसईसाठी लढा दिला, २०२० साली साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. फादरांच्या झग्यात एवढं मावतं, हे आजच्या पोरांना कुणी सांगितलेलंच नाही.

पण खरी अडचण पोरांची नाही, बाय, घरांची आहे. पूर्वी वसईत घरोघरी सहा-सात मुलं असायची. एक सेमिनरीत गेला तर घर भरलेलंच राहायचं. आता एक, फार तर दोन. मुलाने विषय काढला की "आधी डिग्री घे, मग बघू" म्हणून तो तिथेच मिटवतात. सहाव्या पॉल पोपनी १९६४ साली पाचारणासाठी प्रार्थनेचा दिवस सुरू केला. तेव्हापासून दर वर्षी, आता ईस्टरनंतरच्या उत्तम मेंढपाळाच्या रविवारी, आपण फादर मिळावेत म्हणून प्रार्थना करतो, आणि मनात शेजारच्यांचा मुलगा असतो. एक जाहिरात फक्त आईबापांसाठी कर. सेमिनरीची वर्षं पारखण्याचीच असतात, मध्येच परत आलेला मुलगा नापास झालेला नसतो, एवढं त्यांना कळू दे. उद्या तुझ्या भावाने विचारलं, तर आम्हाला ते सोपं जाणार नाही, पण आम्ही त्याला अडवणार नाही.

शेवटी फोन नंबर फादरांचाच दे, तुमच्या कॉल सेंटरचा नको. मराठी मसुदा या शनिवारपर्यंत पाठव. रविवारच्या मिस्सेनंतर आपल्या धर्मग्रामातल्या दोन-तीन आयांना वाचायला देतो आणि त्या काय म्हणतात ते तुला कळवतो.

तुझा,
पप्पा