बदामीच्या कड्यावरच्या ताईंचे आभार
बदामीला लाल वालुकाश्माच्या कड्यांवर प्रस्तरारोहणाचा कोर्स करत होते. रॅपलिंग करताना, म्हणजे दोरावरून कडा उतरताना, वाऱ्याने वेणी उडाली आणि डिसेंडरमध्ये (उतरण्याचा वेग आवरणाऱ्या, दोरावरच्या साधनात) ओढली गेली. कड्याच्या मधोमध अडकले. मान हलेना, डोक्यावर रणरणतं ऊन.

शेजारी दुसऱ्या गटाला शिकवणाऱ्या एक ताई वेगळा दोर लावून माझ्यापर्यंत उतरल्या. डिसेंडरच्या वर माझ्या दोराला प्रुसिक गाठ मारली, तिला पाय ठेवायला स्लिंग (पट्ट्याचा फास) अडकवली. भार पडला की ही गाठ दोर घट्ट धरते. त्यावर उभी राहिले तसा खालचा ताण सुटला. चाकू जवळ होता, पण ताणलेल्या दोराजवळ पातं नको म्हणाल्या. एकेक बट बोटांनी सोडवली, दुसऱ्या हाताने माझी मान सावरून. किती हळुवार हात!

नाव विचारायच्या आत त्या आपल्या गटातल्या मुलांकडे परतल्या. ताई, मनापासून आभार.