आजीचं काम कुठल्या रकान्यात?

मा. संपादक, स.न.

मुलं असलेल्या कुटुंबांवर कुठलं सरकार किती खर्च करतं याचा तक्ता तुम्ही मागच्या रविवारी छापला होता, तो मी चष्मा पुसून दोनदा वाचला. रोख भत्ते, सेवा, टॅक्समधली सूट असे तीन रकाने, खाली बेरीज. मी जे काम करते ते मात्र एकाही रकान्यात नाही. मी नातवाला सांभाळते, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात.

झालं काय, मुलीची रजा संपली तेव्हा बाळ सहा महिन्यांचं होतं आणि ज्या पाळणाघरात आम्ही नाव घालून ठेवलेलं ते दीड वर्षाखालचं मूल घेतच नाहीत. हे कळलं कधी, तर नाव घातल्यावर चार महिन्यांनी, तेसुद्धा मी स्वतः जाऊन विचारलं म्हणून. तिथल्या बाईंनी फॉर्म उलटा केला आणि मागच्या बाजूची मुंगीएवढ्या अक्षरातली एक ओळ दाखवली, वर म्हणाल्या वाचून सही करायची असते ना आजी. बरं. पण सहा ते अठरा महिने हे मधलं वर्ष बाळाने कुठे काढायचं ते त्या ओळीत लिहिलेलं नव्हतं. मुलीने नोकरी सोडायची की मी, असा प्रश्न आला आणि माझा पगार कमी म्हणून मी सोडली, रिटायरमेंटला तीन वर्षं बाकी असताना. पेन्शन त्या मानाने कमी बसली. तेव्हा या घरात मुलासाठी जो खर्च झाला तो सरकारने नाही, मी केला, आणि कुठल्याच बजेटमधे तो दिसणार नाही.

म्हणून मला तुमच्या तक्त्यातल्या टक्क्यांचं एवढं कौतुक वाटत नाही. ओईसीडी म्हणजे बहुतेक श्रीमंत देशांची संघटना, तिच्यातल्या देशांची सरासरी जीडीपीच्या २ टक्क्यांच्या जरा वर आहे, ठीक आहे, पण पैसा मुलाच्या कुठल्या वयात पोचतो आणि कोणाच्या हातात, हे टक्क्यात कुठे कळतं?

आता टॅक्सचा रकाना घ्या. सूट ही काय भानगड आहे, तर ज्याला भरपूर टॅक्स बसतो त्यालाच ती भरपूर मिळते. जर्मनीत मुलामागे दरमहा भत्ता किंवा करात सूट, यातलं जे फायद्याचं पडेल ते टॅक्स ऑफिस स्वतःच हिशोब करून देतं, ऐकायला किती छान, पण सूट फायद्याची पडते ती तगडी कमाई असणाऱ्यांना, बाकीचे भत्त्यावर. म्हणजे मूल तेच आणि सरकारच्या लेखी जास्त मोलाचं कोणाचं, तर श्रीमंताचं! तक्त्यात मात्र दोन्ही ‘कुटुंबांवरचा खर्च’ म्हणूनच.

रोख पैशाला माझा विरोध नाही हां. अमेरिकेत २०२१ साली मुलांसाठीचं टॅक्स क्रेडिट, म्हणजे टॅक्समधून वजा होणारी किंवा टॅक्स नसेल तर हातात मिळणारी रक्कम, वाढवलं, सहा वर्षांखालच्या मुलाला वर्षाला ३,६०० डॉलर, मोठ्यांना ३,०००, आणि मुख्य म्हणजे ज्यांची काही कमाईच नाही त्यांनाही पूर्ण, शिवाय जुलै ते डिसेंबर अर्धे पैसे दर महिन्याला थेट खात्यात. कोविडची बाकीची मदतही त्यात होती पण बालगरिबी त्यांच्या पूरक मोजमापाप्रमाणे (त्यात सरकारी मदतही उत्पन्नात धरतात) ५.२ टक्क्यांवर आली, आणि ती वाढीव योजना बंद झाल्यावर २०२२ मधे १२.४. एका वर्षात दुपटीहून जास्त. गरिबी हटत नाही म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे फ्रिजवर चिकटवावेत.

आणि पैसे कोणाच्या नावाने, हेही बघायला लागतं. ब्रिटनमधे १९४५ साली कुटुंब भत्त्याचा कायदा आला, त्याच्या पहिल्या मसुद्यात पैसे बापाच्या नावे होते. एलिनॉर रॅथबोन नावाच्या खासदार बाई या भत्त्यासाठी कितीतरी वर्षं झगडत होत्या, त्यांनी ते आईच्या नावे करून घेतले. दुसऱ्या मुलापासून आठवड्याला ५ शिलिंग. पहिले पैसे वाटले १९४६ च्या ऑगस्टमधे आणि बाई त्याच वर्षी जानेवारीत गेल्या, बघायला राहिल्या नाहीत.

पण भत्ता आला तरी जिथे पाळणाघरात जागाच नाही तिथे त्या पैशाचं काय करायचं, बाळाला पाकिटात घालून ऑफिसला जायचं? जर्मनीत १ ऑगस्ट २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे. हक्क दिला म्हणून जागा काय आभाळातून पडत नाहीत, त्या कमीच होत्या, मग काही आया कोर्टात गेल्या आणि २०१६ मधे तिथल्या वरच्या कोर्टाने सांगितलं की नगरपालिकेच्या चुकीने जागा मिळाली नसेल तर बुडालेल्या पगाराची भरपाई मागता येईल. हे वाचून मी उठून पाणी प्यायले. बुडालेला पगार! फक्त आईबापाचा म्हणतायत, आजीचं काही नाही, पण सुरुवात म्हणून चालेल. कॅनडात क्युबेकने १९९७ मधे दिवसाला ५ डॉलरवाली पाळणाघरं काढली, आयांच्या नोकऱ्या वाढल्या, आणि तिथेही वेटिंग लिस्ट लांबच्या लांब आहे. लोकांना नको असतं तर रांग लागली असती का?

मुलं तुम्हाला झाली मग आमच्या टॅक्समधून का, असं म्हणणारे आमच्याही ओळखीत आहेत. त्यांची पेन्शन उद्या कोणाच्या टॅक्समधून येणार एवढंच मी विचारते, पुढे वाद घालत नाही, तेवढा वेळ नसतो. कारण नातू आता चालायला लागलाय आणि चार्जरची वायर तोंडात घालतो.

तर विनंती अशी की पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा अजून दोन रकाने घाला, पगारी रजा कुठल्या महिन्याला संपते आणि पाळणाघरात जागा कुठल्या महिन्यापासून नक्की मिळते. मधे किती महिने उरतात ते वाचक आपापलं मोजतील. आमचे बारा आहेत, त्यातले आठ झाले.

आपली,
एक वाचक (सध्या पूर्णवेळ आजी)