अबीर रांगत नाही म्हणून रडू नकोस गं

प्रिय मेघे,

तुझा व्हॉइस मेसेज काल रात्री दोनदा ऐकला. शेवटी तुझा आवाज भरून आला ना, तेव्हाच फोन लावणार होते पण तिकडे टोरांटोत तुझी ऑफिसची वेळ, म्हणून सावकाश लिहायला बसलेय.

साडेदहा महिन्यांचा झाला तरी अबीर रांगत नाही, नणंदेचा मुलगा नवव्या महिन्यात धरून उभा राहिला, सगळं ऐकलं. अगं, आमची मनू कधी रांगलीच नाही! बसल्या बसल्या एक हात टेकायचा आणि ढुंगणावर सरकत सरकत थेट स्वयंपाकघरात. सासूबाई रोज म्हणायच्या, हिचे पाय अधू तर नाहीत ना, आणि मी रात्री झोपलेल्या लेकीचे पाय चाचपून बघायचे. साडेपंधरा महिन्यांची असताना एका दुपारी सोफा सोडून चार पावलं टाकली तिने, मी पोळी तव्यावर तशीच टाकून धावले, करपली ती.

त्या दिवसांत मला खरा धीर दिला तो जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाने. भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतली निरोगी मुलं त्यांनी महिनोन्‌महिने पाहिली, 2006 साली निष्कर्ष आले. आधाराशिवाय चालायला कुणी 8 महिन्यांतच लागलं तर कुणी साडेसतराव्या महिन्यात, आणि सगळी ठणठणीत! आणि शंभरातली चारेक मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. हे वाचलं त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी शांत झोपले. अबीर आधाराशिवाय छान बसतो, पोटावर गोल फिरतो, हाक मारली की वळून बघतो, मग घाई कशाची? हां, शिकलेली गोष्ट विसरायला लागला, एकच हात वापरायला लागला, आवाजाला वळेना, किंवा दीड वर्ष झालं तरी चालेना, तर मात्र कुणाचंही न ऐकता लगेच डॉक्टरांना दाखव. तिथे मी तुला धीर धर म्हणणार नाही.

आणि त्याची बोटं बघतेस का तू? सगळे पायांकडेच बघत बसतात. मनू आधी चुरमुरा पूर्ण मुठीने ओढायची, मूठ उघडली की आत काहीच नाही, चुरमुरा पंज्याखाली तसाच. मग साडेनऊ महिन्यांच्या आसपास एक दिवस अंगठा आणि पहिलं बोट असं चिमटीसारखं जवळ आलं, नेम चुकला, परत आलं, आणि एकच चुरमुरा उचलून तिने आधी स्वतःच नीट निरखून बघितला, मग मला दाखवला, मग तोंडात. केवढी मोठी गोष्ट आहे गं ही! पुढे चमचा, पेन्सिल, शर्टाचं बटण, सगळं त्या चिमटीवरच तर येतं. (शेंगदाणा मात्र अख्खा अजिबात देऊ नकोस, घशात अडकतो.)

आणि तू बाथरूमला गेलीस तरी आकांत करतो म्हणालीस, तो हट्टीपणा नाहीये. दिसेनाशी झाली तरी आई कुठेतरी असते हे त्याला आत्ता आत्ता कळायला लागलंय पण ती परत कधी येणार ते कळत नाही, म्हणून रडतो बिचारा. ओढणीआडून बुवा-कुक खेळ त्याच्याशी, दिवसातून दहा वेळा खेळ.

अबीरला चाकांच्या वॉकरमध्ये बसवा असं आई म्हणतायत ना, त्यांना मी समजावते. कॅनडात 2004 पासून वॉकर विकायलाच नाही तर आणायलाही बंदी आहे, मुलं जिन्यावरून गडगडायची म्हणून. त्यात बसून मूल लवकर चालतं हा निव्वळ गैरसमज आहे. आपल्याकडचा लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं, तोही उभा राहायला लागल्यावरच. सध्या जमिनीवर सतरंजी टाक आणि अनवाणी सोड त्याला.

एक मात्र आजपासून कर, मराठीत बोल त्याच्याशी. तुमच्या कॅनडातच व्हँकुव्हरला संशोधन झालं होतं, 1984 चं, इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला ट आणि त वेगळा ओळखू यायचा आणि वर्षाचं होईपर्यंत तो फरक जवळजवळ ऐकूच येईनासा व्हायचा, कारण कानावर पडतच नव्हता! म्हणजे आपला चहातला च आणि चाकातला च, ळ, ण, हे अबीरच्या कानात राहायचं तर ते तुझ्या तोंडून यायला हवं, टीव्हीवरून नाही. भाजी चिरताना बोल, लंगोट बदलताना बोल, तो बा-बा-बा म्हणाला की थांबून त्याला उत्तर दे. डेकेअरमध्ये इंग्रजी तो शिकेलच, त्याची चिंता नको.

आई पुढच्या महिन्यात येतायत ना तिकडे? अबीरचं पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलने गिरव आणि लांबी सेंटिमीटरमध्ये लिहून पाठव. इथल्या चप्पल लाईनमध्ये इवल्याशा कोल्हापुरी मिळतात, त्याच्या पावलापेक्षा दोन बोटं मोठ्या घेऊन ठेवते, चालायला लागला की घाल.

तुझीच,
सुमे