‘ग्रेड टू’च्या पुढे काय?

संपादक महोदय,

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड टू’ (यकृतात चरबी, मध्यम प्रमाणात) असे आले की एक जण ‘हल्ली सगळ्यांनाच असतं’ म्हणून कागद फायलीत टाकतो, दुसरा घाबरून लिव्हर टॉनिकच्या बाटल्या आणतो. यकृत कडक होऊ लागले आहे का, हा खरा प्रश्न दोघांचाही राहूनच जातो. सोनोग्राफीची ग्रेड चरबी सांगते, कडकपणा नाही. रक्तातले एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढणारे एन्झाइम) नॉर्मल आले म्हणून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला, २०२४ मध्ये सुधारित मार्गदर्शिकाही काढली. नाशिक महापालिका आणि जिल्हा परिषदेकडे आमची मागणी त्याच धाग्यातली आणि बिनखर्चाची आहे: मधुमेही किंवा लठ्ठ रुग्णाचे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरची तपासणी झाली की लॅबच्या संगणकानेच रिपोर्टखाली ‘फिब-फोर’चा, म्हणजे यकृताच्या कडकपणाचा अंदाज देणारा, आकडा छापावा.

हिशेब असा. वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखेच दुसरे एन्झाइम). त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ, याने भागायचे. वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १ लाख ६० हजार असतील तर २४९६ भागिले १२८०, म्हणजे १.९५. हाताने करताना घोळ होतो तो प्लेटलेटमध्ये. रिपोर्टवर ‘१.६ लाख’ असते, तिथे १६० धरायचे, १.६ धरले तर उत्तर शंभर पटीने फुगते.

१.३ च्या खाली आकडा असलेल्याला शहरात पाठवायची गरज नाही. त्याचे वजन, साखर, रक्तदाब जवळच्या आरोग्य केंद्राने सांभाळावे आणि मधुमेह असेल तर वर्ष-दोन वर्षांनी आकडा पुन्हा काढावा. १.३ ते २.६७ मधल्यांना फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी), त्यावरच्यांना थेट तज्ज्ञाकडे. पासष्टीनंतर खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरावी. पस्तिशीच्या आत हा हिशेब भरवशाचा नाही. आणि नाशिककरांनी खास लक्षात ठेवावे असे: डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट उतरतात, एसजीओटी चढते, आणि धडधाकट यकृताचाही आकडा भयंकर दिसतो. ताप गेल्यावर महिना-दीड महिना थांबून रक्त पुन्हा तपासावे. हिपॅटायटिस बी आणि सी एकदा तपासल्याशिवाय सगळे खापर चरबीवर फोडू नये. दारू किती, हेही स्पष्ट विचारावे. ‘कधीतरी’ या उत्तरावर समाधान मानू नये.

उपचाराचा कणा वजनच. ऐंशी किलोच्या माणसाने चार किलो घटवले तरी चरबी कमी होते. सूज ओसरायला साडेपाच ते आठ किलो लागतात, कडकपणा मागे फिरायला आठ किंवा जास्त. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग पुरे. उपाशी राहून झपाट्याने उतरवलेले वजन पित्ताशयात खडे करते, यकृताची सूजही वाढवू शकते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या कामगाराला ‘रोज सकाळी फिरा’ सांगून उपयोग नाही. आठवड्यात दीडशे मिनिटे भरभर चालणे कधी बसवायचे आणि पाळीच्या मध्यावर गोड चहा-फरसाणाऐवजी काय खायचे, हे आहारतज्ज्ञाने त्याच्याबरोबर बसून ठरवायला हवे. हा आजार अंगाने सडपातळ माणसालाही होतो, म्हणून नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नये. पुरुषांची कंबर ९० सेंमी आणि बायकांची ८० सेंमीपर्यंत गेली की पुढची तपासणी करावी.

एक तक्रार आमच्याच व्यवसायबंधूंकडे. एसजीपीटी थोडे वाढलेले दिसले की कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी बंद केली जाते. फॅटी लिव्हरचे रुग्ण यकृतापेक्षा हृदयविकाराने जास्त दगावतात, त्यामुळे ही काळजी उलटी पडते. आणि गुळवेलीचा काढा महिनोन्‌महिने घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहे, तेव्हा ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून डॉक्टरांपासून लपवू नये.

फायब्रोस्कॅनसाठी जिल्ह्यात एक ठिकाण आणि आठवड्यातला एक ठरलेला वार जाहीर करावा. तपासणीआधी किमान तीन तास उपाशी राहावे लागते. खाल्ल्यावर यकृत असते त्याहून कडक भासते. सुरगाणा-पेठहून पहाटे एसटीने निघालेला रुग्ण शहरात उतरताच वडापाव खातो आणि त्याची फेरी वाया जाते. उपाशी येण्याची सूचना आशाताईंच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात असावी आणि लांबून येणाऱ्यांना पहिले नंबर द्यावेत.

– एक फिजिशियन व एक आहारतज्ज्ञ, नाशिक