आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : रिपोर्ट ‘निल’ आल्यावर जायचं कुठे?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी कोथरूडची निवृत्त लॅब टेक्निशियन. वीर्यतपासणीचे रिपोर्ट लिहिण्यात २८ वर्षं गेली. परवा भाचीने नेटफ्लिक्सवर एक माहितीपट लावून दिला. नेदरलँड्समधला एक माणूस इंटरनेटवर ओळखी काढून वीर्यदान करत सुटतो, आणि प्रत्येक घरी सांगतो की मोजक्याच कुटुंबांना देतोय. तिथल्या नियमाप्रमाणे एका दात्याची २५ हून जास्त मुलं नकोत. याची किमान ५५० निघाली. शेवटी २०२३ मध्ये हेगच्या न्यायालयाने त्याला बंदी घातली. मोडली तर दर वेळी एक लाख युरो दंड.

भाची म्हणाली, “मावशी, आपल्याकडे असलं काही नसतं गं.”

नसतं कसं? रिपोर्टात शुक्राणू ‘निल’ आले की नवरा कागदाची चौपदरी घडी करून खिशात घालायचा, आणि बाहेर बाकावर सासूबाई बसलेल्या असायच्या. अशीच एक मुलगी एकदा परत आत आली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, दिराचं चालेल का? घरातल्या घरात.” महाभारतात सत्यवतीने सुनांसाठी व्यासांना बोलावलं तेही नात्याने त्यांचे थोरले दीरच, पण तिथे निदान लपवाछपवी नव्हती.

मी तिला ‘नाही’ म्हणाले. का नाही, हे नीट सांगायला वेळ नव्हता. बाहेर रांग होती.

ते का, हे आता आपल्या खात्याने सांगावं. साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा २०२१ चा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे आणि तो बराच शहाणा आहे. दाता २१ ते ५५ वयाचा हवा, वीर्य नोंदणीकृत बँकेतूनच यायला हवं, एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या झालेल्या हव्यात. दात्याचा मुलावर हक्क राहत नाही. मूल कायद्याने त्या जोडप्याचंच. अविवाहित बाईलाही हा मार्ग खुला आहे, हे तर डेक्कनवरच्या शिकल्यासवरल्या बायकांनाही ठाऊक नसतं!

पण हे सगळं संरक्षण क्लिनिकच्या दारापर्यंतच. घरी डबी आणि सिरिंज घेऊन उरकलं, तर उद्या तो दीर वाटणीच्या भांडणात “पोरगं माझं आहे” म्हणाला की काय दाखवणार? शिवाय एचआयव्हीचा संसर्ग झाल्यावर काही आठवडे चाचणीत दिसतच नाही. म्हणून बँकेत नमुना गोठवून ठेवतात आणि दात्याची पुन्हा तपासणी करतात. स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये हे होत नाही, साहेब.

एक गोष्ट मात्र मला खटकते. कायद्याप्रमाणे एका दात्याचं वीर्य एकाच जोडप्याला देता येतं. हेगची गोष्ट पाहिली की हेतू पटतो, पण दात्यामागचा सगळा खर्च एकाच घरावर पडतो. धायरीतला रिक्षावाला तो कुठून उचलणार? मग दीर स्वस्त पडतो, नाहीतर मोबाइलवर भेटलेला कुणी ‘मदत करणारा’. ही मर्यादा दोन-तीन जोडप्यांपर्यंत वाढवता येईल का, हे महाराष्ट्राने केंद्राला विचारावं. तोवर ससूनसारख्या सरकारी दवाखान्यात दात्याच्या वीर्याने होणारं आययूआय, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार, परवडणाऱ्या दरात मिळावं, आणि वीर्यतपासणीच्या प्रत्येक रिपोर्टासोबत नोंदणीकृत बँकांची यादी असलेलं मराठी पत्रक द्यावं. साध्या मराठीत, शासन निर्णयाच्या नव्हे.

मजकूर लिहायला माणूस नसेल तर मी फुकट लिहून देईन. एक ते चार सोडून केव्हाही बोलवा.

आपली,
कोथरूडची एक निवृत्त लॅब टेक्निशियन