फाज-उपचारामागचा शोधही छापावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंवर जीवाणुभक्षक विषाणूंचा, म्हणजेच फाजचा, उतारा मिळाल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले असल्याने त्या वाचून आनंद होतो. परंतु ‘चमत्कार’ हा शब्द मथळ्यात येतो आणि रुग्णाच्या जंतूला लागू पडणारा फाज हुडकण्याचे काम, ज्यावर सारा उपचार उभा असतो, ते मात्र बातमीतून गळते, याचे वाईट वाटते.

रुग्णाच्या जखमेतले जीवाणू काचेच्या बशीत वाढवले की पोषक थरावर दुधी साय धरते. तिच्यावर निरनिराळ्या फाजचे थेंब सोडून बशी रात्रभर उबेत ठेवली, तर सकाळी एखाद्या थेंबाच्या जागी साय विरून स्वच्छ वर्तुळ पडलेले दिसते. बाकीच्या जागी काहीही घडलेले नसते. फाज जीवाणूच्या पृष्ठभागावरील ठरावीक रेणूलाच चिकटतो, त्यामुळे एकाच प्रजातीतला एक वाण तो फोडतो आणि दुसऱ्याला स्पर्शही करत नाही. आपल्या पेशी त्याच्या तडाख्यातून सुटतात त्या याचमुळे, आणि एकच बाटली सर्वांना देता येत नाही तीही याचमुळे.

२०१६ साली अमेरिकेत टॉम पॅटरसन यांचे प्राण फाजमुळे वाचले, ही हकीकत बरीच गाजली. त्यांच्या शरीरातला असिनेटोबॅक्टर हा जीवाणू काही दिवसांतच पहिल्या फाजना जुमानेनासा झाला होता, नवे फाज शोधावे लागले आणि सोबत प्रतिजैविकही चालू होते, हा भाग फारसा सांगितला जात नाही. तसेच भाजलेल्या रुग्णांवर फ्रान्स व बेल्जियममध्ये झालेल्या ‘फागोबर्न’ चाचणीत बारा फाजचे मिश्रण नेहमीच्या मलमापेक्षा संथ ठरले, हेही सांगायला हवे. साठवणीत फाजची संख्या घटल्याने रुग्णांना ठरल्यापेक्षा फारच कमी मात्रा मिळाली होती. माझ्या मते ते अपयश फाजचे कमी आणि तयारीचे अधिक होते.

म्हणून पैसा आणि लक्ष आधी फाजच्या संग्रहांकडे व तपासणीच्या प्रयोगशाळांकडे वळायला हवे. जॉर्जिया या देशातील तिब्लिसी येथे १९२३ साली स्थापन झालेल्या इलियावा संस्थेने हे काम दशकानुदशके जपले. बेल्जियमने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विशिष्ट रुग्णासाठी फार्मासिस्टकडून फाज तयार करून घेण्याची वाट कायद्यात बसवली. बदलत्या जंतूंमागे धावणाऱ्या औषधाला गोळ्यांसाठी केलेले नियम पुरत नाहीत, हे तिथे ओळखले गेले.

आपणास विनंती एवढीच की, यापुढे अशी बातमी देताना किती फाज तपासल्यावर एक लागू पडला, सोबत कोणते प्रतिजैविक दिले आणि शोधाला किती दिवस लागले, हेही विचारून छापावे. आपला रुग्ण घेऊन दारोदार फिरणाऱ्या नातेवाइकांना डॉक्टरांशी बोलताना नेमकी हीच माहिती लागते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका