पाण्याच्या एटीएमवर कोणते टच बटण?

मा. संपादक,
स. न.

मराठवाड्यातल्या गावांत शुद्ध पाण्याच्या एटीएमवर टच बटणे बसवायची असतील, तर खरेदीच्या अटींत 'टच पॅनल' एवढेच लिहून भागत नाही. इथे येणारे बोट बहुतेक वेळा ओले असते, म्हणून टचचा प्रकारही लिहायला हवा.

सेल्फ कपॅसिटन्स प्रकारात काचेमागे तांब्याची एक चकती असते. बोट टेकले की तिची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, जेमतेम एखाद्या पिकोफॅरडने (धारितेचे अगदी छोटे एकक) वाढते आणि चिप तेवढ्यावरून स्पर्श ओळखते. सहज मिळणारे टीटीपी२२३ मॉड्यूल (एका टच बटणाची चिप बसवलेली छोटी पट्टी) याच जातीचे. चकतीभोवती ग्राउंडचे (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या बाजूचे) तांबे असले, की पाण्याचा ओघळ दोन्हींना जोडतो आणि कोणी हात न लावता नळ सुरू होतो. म्युच्युअल प्रकारात सिग्नल सोडणारा आणि घेणारा असे दोन इलेक्ट्रोड असतात. बोटाने त्यांच्यातली धारिता घटते, सुट्या थेंबाने मात्र वाढते. त्यामुळे चिपला दोन्हींतला फरक कळतो. ओघळ थेट स्टीलच्या चौकटीला भिडला तर हाही प्रकार फसतो. पॅनल उभे, नळापासून बाजूला आणि वर पागोळी अडवणारी पट्टी लावूनच बसवावे.

हात जवळ येताच चालणारा प्रॉक्झिमिटी सेन्सर नळाजवळ नकोच. त्याला हात आणि स्टीलची कळशी यांतला फरक कळत नाही.

सेल्फ प्रकारच घ्यायचा असेल तर चकती १२ ते १५ मिलिमीटरची आणि काचेऐवजी पुढे ॲक्रिलिक असेल तर ते ३ मिलिमीटरपर्यंतच ठेवावे. मध्ये हवेची फट राहू देऊ नये. बटण मंद होण्याचे कारण पुष्कळदा तीच असते. फार हळवे झाले तर चकती आणि ग्राउंडमध्ये काही पिकोफॅरडचा कपॅसिटर लावावा. टीटीपी२२३ला ५० पिकोफॅरडपर्यंत चालतो.

लोडशेडिंगनंतर वीज येते तेव्हा चिप त्या क्षणीची स्थिती 'कोरी', म्हणजे स्पर्श नसलेली, धरते. काचेवर तेव्हा पाणी किंवा ओले फडके असेल, तर पुसल्यावर काही वेळ बटण दाद देत नाही. पुसून वीज बंद-चालू करावी, मॉड्यूल बदलायची घाई नको. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळून अर्थिंग सुटते आणि स्वस्त ॲडॅप्टरचा विद्युत गोंगाट (नको असलेले सिग्नल) थेट बटणात शिरतो. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी ओतावे.

यातले काहीच जमणार नसेल, तर रबरी झाकणाचे साधे दाबायचे बटण घ्या.

– पॅनल जोडणारे काही तंत्रज्ञ, लातूर